पाळीव हॅमस्टरचे श्वसनविकार : लक्षणे, कारणे आणि घ्यावयाची काळजी

चंडीगड : तळहातावर मावणारा, दिवसा झोपणारा आणि रात्री चाकावर धावणारा हॅमस्टर आज देशातील अनेक शहरी घरांत पाळला जातो. सदनिकेत मावतो, आवाज करत नाही आणि फिरायला न्यावा लागत नाही, म्हणून मुलांसाठी पहिला पाळीव प्राणी म्हणून त्याची निवड होते. मात्र श्वसनाचा विकार जडल्यास हा प्राणी अवघ्या एक-दोन दिवसांत दगावू शकतो. मोठ्या शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असलेले जीव आपले आजारपण सहसा उघड होऊ देत नाहीत. त्यामुळे हॅमस्टरची धाप मालकाच्या लक्षात येते, तेव्हा विकार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. निरोगी श्वास कसा असतो हे आधीच माहीत असणे आणि घरातील माणसांचे औषध त्याला न देणे, या दोन गोष्टींवर बहुतांश वेळा त्याचे प्राण अवलंबून असतात.

थंडी, ऊन, धुके आणि धूर यांचा टोकाचा अनुभव एकाच वर्षात देणाऱ्या चंडीगडसारख्या शहरात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. नागपूरचा उन्हाळा, नाशिकची थंडी किंवा दिल्लीची हिवाळी हवा अनुभवणाऱ्या घरांनाही ही माहिती तितकीच उपयोगी आहे.

प्राणी मूळचा कोठला

भारतातील दुकानांत मुख्यतः सोनेरी किंवा सिरियन हॅमस्टर आणि त्याहून लहान असे बुटके हॅमस्टर मिळतात. सिरियन जातीचा प्रौढ प्राणी साधारण ८५ ते १५० ग्रॅम वजनाचा असतो. रोबोरोव्हस्की या बुटक्या जातीचे वजन जेमतेम २० ते २५ ग्रॅम भरते. आयुष्य दीड ते तीन वर्षांचे. त्यामुळे दीड वर्षाचा हॅमस्टर हा उतारवयाकडे झुकलेला प्राणी समजावा लागतो.

सिरियन हॅमस्टरचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉटरहाऊस यांनी केले. तो प्रयोगशाळेत आणि नंतर घरात आला तो १९३० नंतर. जेरुसलेममधील परजीवीतज्ज्ञ सॉल ॲडलर यांना लेश्मॅनिया या परजीवीच्या अभ्यासासाठी प्राणी हवा होता. भारतात काळा आजार म्हणून ओळखला जाणारा रोग याच परजीवीच्या गटामुळे होतो. ॲडलर यांच्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी सिरियातील अलेप्पोजवळ एका शेतातील बीळ खणून एक मादी आणि तिची ११ पिल्ले मिळवली. त्यांपैकी मोजकीच जगली. आज जगभर पाळले जाणारे बहुसंख्य सिरियन हॅमस्टर त्यांचेच वंशज आहेत.

हा इतिहास श्वसनविकारांच्या संदर्भातही लक्षात घेण्यासारखा आहे. अलेप्पोच्या परिसरातही ऊन आणि थंडी दोन्ही तीव्र असतात. पण हॅमस्टर जमिनीखालच्या बिळात राहतो आणि तेथील तापमान दिवसरात्र फारसे बदलत नाही. पिंजऱ्यातील हॅमस्टरला असा आसरा नसतो. खोलीची हवा जशी बदलेल, तसा परिणाम त्याला सोसावा लागतो.

निरोगी श्वास कसा ओळखावा

स्वस्थ हॅमस्टरचा श्वास मिनिटाला साधारण ३५ ते १३५ वेळा होतो. ही मर्यादा फार रुंद आहे, कारण झोपेतला, नुकताच जागा झालेला आणि चाकावरून उतरलेला हॅमस्टर यांच्या श्वासात मोठा फरक असतो. म्हणून पुस्तकातील आकड्यापेक्षा त्या विशिष्ट प्राण्याचा नेहमीचा आकडा अधिक उपयोगी असतो.

तो मिळवण्याची रीत सोपी आहे. प्राणी शांत झोपलेला असताना त्याला न उचलता बरगड्यांच्या मागील बाजूची हालचाल १५ सेकंद मोजावी आणि त्या संख्येला चारने गुणावे. हालचाल फार जलद वाटल्यास भ्रमणध्वनीवर चित्रफीत घेऊन ती संथ गतीने पाहावी. आठवड्यातून एकदा अशी नोंद ठेवली आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, स्वतंत्र डब्यात ठेवून वजन घेतले, तर आजाराची चाहूल डोळ्यांना दिसण्याआधी आकड्यांतून लागते. १२० ग्रॅमच्या प्राण्याचे १२ ग्रॅम वजन घटणे म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा कमी होणे होय.

निरोगी हॅमस्टरचा श्वास निःशब्द असतो. नाक कोरडे व स्वच्छ, डोळे पूर्ण उघडे व चमकदार, अंगावरचे केस सपाट बसलेले असतात. नवा भुसा घातल्यावर किंवा तोंड साफ करताना एखाद-दुसरी शिंक येणे चिंतेचे नाही. घाबरल्यावर काढलेला चिरका आवाज हाही विकार नव्हे.

धोक्याची लक्षणे

श्वसनाच्या तक्रारींची लक्षणे तीव्रतेनुसार तीन पायऱ्यांत पाहता येतात.

पहिल्या पायरीत वारंवार शिंका, नाकाभोवती किंवा पुढच्या पंजांवर ओलसरपणा, डोळ्यांच्या कडांना चिकटपणा, खाणे कमी होणे आणि रात्री चाकावर न जाणे ही लक्षणे दिसतात. हॅमस्टर पंजांनी नाक पुसत असल्याने नाकातील स्राव दिसला नाही, तरी पंजांच्या आतील बाजूचे केस चिकटलेले दिसू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाकडे जावे.

दुसऱ्या पायरीत श्वासाबरोबर टिकटिक, शिट्टी किंवा घरघर ऐकू येते. झोपेतही श्वास नेहमीपेक्षा जलद चालतो. प्राणी अंगाचा गोळा करून, केस फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसतो. खोलीत शांतता असताना प्राणी कानाजवळ धरल्यास हा आवाज स्पष्ट होतो. येथे दिरंगाईला वाव नाही; काही तासांत उपचार सुरू व्हायला हवेत.

तिसरी पायरी आणीबाणीची. प्रत्येक श्वासाला पोट आत-बाहेर होणे, मान पुढे ताणणे, नाकपुड्या फुगणे, कान, पंजे किंवा हिरड्या फिकट अथवा निळसर दिसणे आणि तोंड उघडून श्वास घेणे ही तिची चिन्हे आहेत. हॅमस्टर मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. तोंड उघडावे लागते, याचा अर्थ प्राणवायूची मोठी कमतरता निर्माण झाली आहे. अशा प्राण्याला वारंवार हाताळणे, आंघोळ घालणे किंवा तोंडात पाणी ओतणे यामुळे तो तत्काळ दगावू शकतो.

कारणे एक नव्हेत

श्वास लागणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपचारही वेगळा असतो.

जिवाणूंचा संसर्ग हे प्रमुख कारण होय. पाश्चुरेला न्यूमोट्रोपिका, स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिये आणि स्ट्रेप्टोकोकस वर्गातील इतर जिवाणूंमुळे हॅमस्टरला न्यूमोनिया होऊ शकतो. सेंडाई नावाचा विषाणूही कृंतकवर्गीय प्राण्यांत श्वसनविकार घडवतो. यांतील काही जिवाणू प्राण्याच्या शरीरात लक्षणांविना राहतात. प्रवास, गर्दीचा पिंजरा, अचानक बदललेले तापमान किंवा नव्या घराचा ताण यांनी प्रतिकारशक्ती घटली की ते उचल खातात. नुकत्याच विकत घेतलेल्या पिल्लांकडे म्हणूनच पहिले दोन आठवडे अधिक लक्ष द्यावे लागते. स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग माणसांकडून, विशेषतः घसा दुखत असलेल्या मुलांकडूनही प्राण्याला होऊ शकतो.

वयस्क हॅमस्टरमध्ये अनेकदा दोष फुप्फुसांत नसून हृदयात असतो. सिरियन हॅमस्टरमध्ये उतारवयात हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. श्वास जलद होणे, ठोके वाढणे, पंजे निळसर दिसणे ही लक्षणे न्यूमोनियासारखीच भासतात. पण नाकातून स्राव नसतो आणि प्रतिजैविकांनी काहीही फरक पडत नाही. पोटात पाणी किंवा गाठ झाल्यास फुप्फुसांना फुगायला जागा उरत नाही, त्यामुळेही धाप लागते. लठ्ठपणा या सर्वांत भर घालतो.

तिसरे कारण हवेचे. काचेच्या बंद टाकीत किंवा हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत ओला भुसा साचला की मूत्रातून अमोनिया तयार होतो. माणसाच्या नाकाला तो जाणवतो तोवर तळाशी झोपणाऱ्या प्राण्याच्या श्वासनलिकेचा दाह सुरू झालेला असू शकतो. चीड व देवदारासारख्या सुगंधी तेल असलेल्या लाकडांचा भुसाही टाळावा. हिमाचलच्या पायथ्याशी असलेल्या चंडीगडमध्ये ही दोन्ही लाकडे सुतारकामात सर्रास वापरली जातात, त्यामुळे वखारीतून आणलेला भुसा पिंजऱ्यात घालण्याचा मोह धोकादायक ठरतो. त्याऐवजी शाई नसलेल्या कागदाचे कपटे किंवा धूळविरहित कागदी अंथरूण वापरणे इष्ट. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सुवासिक फवारे, ताजा रंग आणि सिगारेटचा धूर यांपासून पिंजरा दूर असावा.

बाहेरची हवाही विचारात घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये चंडीगडचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या वर, म्हणजे ‘गंभीर’ श्रेणीत पोहोचला होता. अशा दिवसांत पिंजरा बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीशी न ठेवणे ही किमान दक्षता होय.

उन्हाळा : धाप म्हणजे नेहमीच संसर्ग नव्हे

हॅमस्टरला साधारण १८ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याला माणसासारखा घाम येत नाही. मे-जूनमध्ये चंडीगडचा पारा ४० अंशांच्या वर जातो. वीज गेली की बंद खोली झपाट्याने तापते. उष्माघात झालेला हॅमस्टर पोटावर सपाट पडून जलद श्वास घेतो, लाळेने हनुवटी ओली होते, हातपाय ढिले पडतात आणि पुढे झटके येतात.

अशा प्राण्याला सावलीत, थंड खोलीत न्यावे. कान आणि पंजांना साध्या पाण्याने भिजवलेला कापडाचा बोळा लावावा. बर्फाचे किंवा फार थंड पाणी वापरू नये आणि प्राणी पाण्यात बुडवू नये. प्रथमोपचारानंतर तो सावरलेला दिसला, तरी तपासणी आवश्यक असते. प्रतिबंधासाठी जाड मातीचे किंवा फरशीचे थंड तुकडे पिंजऱ्यात ठेवता येतात. कूलर किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत मात्र थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. ओलसर झोतात सतत बसणे हेही श्वसनविकाराला निमंत्रण असते.

हिवाळा : मृत्यू आणि शीतनिद्रा यांतील फरक

डिसेंबर-जानेवारीत चंडीगडमध्ये काही रात्री किमान तापमान ५ अंशांच्या खाली जाते आणि दाट धुक्यामुळे दिवसाही ऊन मिळत नाही. या काळात वेगळाच प्रश्न उभा राहतो. भोवतालचे तापमान फार घसरले, दिवस लहान झाले आणि अन्नाची टंचाई जाणवली, तर सिरियन हॅमस्टर शीतनिद्रेत जाऊ शकतो. शरीर थंडगार पडते, हृदयाचे ठोके मिनिटाला काही मोजक्यांवर येतात आणि दोन श्वासांमधले अंतर इतके वाढते की प्राणी मेला असे वाटते. हा श्वसनाचा रोग नसतो. परंतु मृत समजून प्राण्याला पुरले जाण्याचा धोका असतो.

फरक ओळखण्यासाठी काही मिनिटे न हलता निरीक्षण करावे. मिशांची किंचित थरथर, बरगड्यांची अधूनमधून होणारी हालचाल आणि लवचिक राहिलेले हातपाय ही जिवंतपणाची खूण. मृत शरीर काही तासांत ताठ होते. शंका असल्यास खोलीचे तापमान हळूहळू २० अंशांच्या पुढे न्यावे, प्राण्याला मऊ कापडात गुंडाळून हातांच्या उबेत धरावे. जागे होण्यास काही तास लागू शकतात. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावणे किंवा हीटरसमोर ठेवणे टाळावे. तो पूर्ण जागा होईपर्यंत तोंडात पाणी अथवा अन्न घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

शीतनिद्रा ही पाळीव हॅमस्टरसाठी विश्रांती नसून संकट आहे. रानात तो त्यासाठी महिनोन् महिने अन्नसाठा आणि चरबी जमवतो. पिंजऱ्यात ती तयारी नसते. आधीच आजारी किंवा वृद्ध प्राणी यातून उठत नाही. पिंजऱ्याजवळ तापमापक लावणे आणि रात्री खोली १८ अंशांच्या आसपास राखणे हा यावरचा सोपा उपाय होय. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवणे मात्र प्राण्यालाच नव्हे, माणसांनाही घातक असते.

घरातील औषध जीवघेणे ठरू शकते

हॅमस्टर शिंकू लागला की घरातील उरलेल्या प्रतिजैविकाचा थेंब पाण्यातून देण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. हीच सर्वांत गंभीर चूक ठरू शकते. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, एरिथ्रोमायसिन, लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही माणसांसाठी नेहमीची असलेली औषधे हॅमस्टरच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू नष्ट करतात. त्या पोकळीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू वाढतो आणि त्याच्या विषाने तीव्र अतिसार होऊन प्राणी काही दिवसांत मरतो. न्यूमोनियातून कदाचित वाचला असता, असा प्राणी औषधाने दगावतो.

हा परिणाम इतका ठळक आहे की, वैद्यकशास्त्राला त्यातून माणसांच्या एका आजाराचा उलगडा झाला. क्लिंडामायसिन घेतलेल्या रुग्णांना होणाऱ्या आतड्यांच्या दाहामागे या वर्गातील विषकारक जिवाणू असल्याचे १९७० च्या दशकात हॅमस्टरवरील प्रयोगांतून उघड झाले. काही प्रतिजैविक मलमेही तितकीच धोक्याची, कारण हॅमस्टर ती चाटून पोटात घेतो. कफाचे सरबत, नाकात घालायचे थेंब, कापूर किंवा मेंथॉलयुक्त बाम आणि तापाची गोळी यांपैकी काहीही पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. शंभर ग्रॅमच्या शरीरासाठी मात्रा अंदाजाने ठरवता येत नाही.

पशुवैद्यक सामान्यतः एन्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखी, या प्राण्याला तुलनेने सुरक्षित औषधे वजनानुसार मोजून देतात. सोबत प्राणवायू, वाफाऱ्याच्या यंत्रातून औषध, कातडीखाली द्रव आणि हाताने भरवण्याचे अन्न यांची जोड दिली जाते. हृदयविकाराचा संशय असल्यास क्ष-किरण तपासणी करून शरीरातील पाणी कमी करणारी औषधे योजली जातात. औषधांचा ठरलेला क्रम मधेच सोडू नये.

दवाखान्यात नेताना

सर्वच पशुवैद्यक लहान कृंतकांवर उपचार करीत नाहीत. कुत्री-मांजरे आणि गुरे हेच बहुतेक दवाखान्यांचे मुख्य काम असते. म्हणून प्राणी घरी आणतानाच, तो निरोगी असतानाच, असा पशुवैद्यक शोधून त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. चंडीगडपासून सुमारे १०० किलोमीटरवर लुधियाना येथे गुरू अंगद देव पशुवैद्यकीय व प्राणिविज्ञान विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात मुंबईतील परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर आणि साताऱ्याजवळील शिरवळ येथील महाविद्यालये ही या क्षेत्रातील शासकीय शिक्षणकेंद्रे आहेत.

प्रवासासाठी हवेची छिद्रे असलेला लहान, घट्ट झाकणाचा डबा वापरावा. त्यात प्राण्याच्या ओळखीच्या वासाचे थोडे अंथरूण घालावे, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचा तुकडा ठेवावा आणि डब्यावर पातळ कापड टाकावे. श्वासाच्या आवाजाची चित्रफीत, वजनाची नोंद, पिंजऱ्यातील भुशाचा प्रकार आणि आधी दिलेल्या कोणत्याही औषधाचे नाव सोबत न्यावे. औषध दिले असल्यास ते लपवू नये. घरात एकाहून अधिक हॅमस्टर असतील, तर आजारी प्राणी वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याची देखभाल सर्वांत शेवटी करावी.

माणूस आणि हॅमस्टर

श्वसनविकारांची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी होऊ शकते, हे कोविडच्या काळात स्पष्ट झाले. सिरियन हॅमस्टरला या विषाणूची लागण सहज होत असल्याने जगभर त्याचा संशोधनात उपयोग झाला. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन या भारतीय लशीची परिणामकारकता प्रथम ज्या प्राण्यांवर तपासली गेली, त्यांत सिरियन हॅमस्टरचा समावेश होता.

जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगमधील एका दुकानातील कर्मचारी आणि तेथील हॅमस्टर बाधित आढळल्यानंतर प्रशासनाने सुमारे २,००० लहान प्राणी मारण्याचा निर्णय घेतला. पुढील संशोधनात हॅमस्टरकडून माणसाला संसर्ग झाल्याचे पुरावे समोर आले. या घटनेतून घराघरातील हॅमस्टरविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र सर्दी-ताप असलेल्या व्यक्तीने प्राण्याची हाताळणी टाळावी किंवा मुखपट्टी वापरावी आणि पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढा बोध नक्की घ्यावा. गर्भवती महिलांनी पिंजऱ्याची सफाई घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवावी, कारण कृंतकांपासून पसरणारा एक विषाणू गर्भाला अपायकारक असतो. दम्याच्या रुग्णांना हॅमस्टरच्या केसांतील कोंड्याची किंवा मूत्राची ॲलर्जी होऊ शकते.

खरेदी करतानाच दक्षता

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम अधिसूचित केले. त्यांतील पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनिपिग यांच्याबरोबर हॅमस्टरचाही स्पष्ट उल्लेख आहे. अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ग्राहकाने नोंदणी विचारावी आणि पिंजऱ्यांतील गर्दी, दुर्गंधी व ओलावा डोळ्यांनी तपासावा. एकाच पिंजऱ्यातील एक प्राणी शिंकत असेल, तर त्यातला निरोगी दिसणारा प्राणीही घेऊ नये.

पिंजरा एका जागी, जमिनीपासून थोडा उंच, स्वयंपाकघर व दरवाजाच्या झोतापासून दूर असावा. ओला कोपरा रोज आणि अंथरुणाचा बराचसा भाग आठवड्याला बदलावा. सर्व अंथरूण एकदम बदलल्यास परिचित वास नाहीसा होऊन प्राण्यावर ताण येतो. सिरियन हॅमस्टर एकांतप्रिय असल्याने प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा द्यावा. लहान मुलांच्या नावावर आणलेल्या या प्राण्याची जबाबदारी अंतिमतः घरातील प्रौढांचीच असते. झोपलेल्या हॅमस्टरच्या बरगड्यांची हालचाल आठवड्यातून एकदा १५ सेकंद मोजण्याचे काम मात्र मुलांवर सोपवता येते आणि आजाराची पहिली खबर बहुधा त्यांच्याच वहीतून मिळते.